ठिगळवालीने लिहून घेतलेले करार

मुलीच्या लग्नात मी सगळ्यात जास्त काळजी केली ती मांडवाची. जावयाची चौकशी आमच्या ह्यांनी केली, कपडे मुलीने स्वतः घेतले, जेवणाचं धाकट्या जावेने अंगावर घेतलं. माझ्या वाट्याला मांडव आला. मांडव म्हणजे पाइप, कापड, खुर्च्या, स्टेज आणि दिवे. त्यात काळजी करण्यासारखं काय आहे, असं घरात सगळ्यांना वाटत होतं. पण मला काळजी करायला कारण लागत नाही. थांबवायला मात्र पावती लागते. दूधवाल्याला पैसे दिले तरी मी लिहून ठेवते. ‘तुझ्या आईला श्वास घेतल्याचीसुद्धा पावती हवी असते,’ असं हे मुलीला सांगतात.

आणि मांडववाले नेमके पावती देत नसत.

आमच्या भागातली निम्मी लग्नं त्यांच्या कापडाखाली झाली असतील. त्यांची एक पद्धत होती. ते जागेवर यायचे, एका टोकाला उभे राहायचे आणि चालायला लागायचे. चालता चालता मोठ्याने बोलायचे. कुठे काय उभं राहणार, दिवे कुठून येणार, म्हाताऱ्या माणसांच्या खुर्च्या कुठे. गिऱ्हाइकाने मागून चालायचं आणि ऐकायचं. सगळी जागा चालून झाली की ‘ठरलं’ म्हणायचे आणि इसार घ्यायचे. ॲडव्हान्स हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. तोंडाने बोललेलं, तोच करार.

आमच्या घरामागच्या मैदानात ते असेच बोलत चालले आणि मी मागून गेले. शेवटी मी विचारलं, “हे लिहून द्याल का?”

“वहिनी, लिहिलेलं हरवतं. तुम्ही ऐकलंत ना? मग झालं. तुम्ही विसरलात तर मी आहे. मी विसरलो तर तुम्ही आहात.”

“आणि दोघंही विसरलो तर?”

“मग चुकलं हे तरी कुणाला कळणार?”

मी इसार दिला. दुसरं काय करणार.

पुढच्याच आठवड्यात ते गेले. गोदामात काम करताना छातीत दुखलं म्हणून रचलेल्या खुर्च्यांमधली एक ओढून बसले, ते बसलेच. मला भाजीच्या दुकानात कळलं. मी ‘अरेरे’ म्हटलं आणि भाजी घेतली. घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली, हात धुतले, आणि मग मला इसार आठवला. त्या माणसाच्या जाण्याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं असेल, पण ते कुठेतरी खाली होतं. वर नुसता इसार.

“गेले ते पैसे,” हे म्हणाले. “मी दुसरा बघतो. कंपनी आहे एक, छापील करारपत्र देतात. तुला आवडेल. वाचायला भरपूर आहे.”

ते करारपत्र मी वाचलं. बारीक अक्षरात शेवटी लिहिलं होतं की कोणत्याही कारणाने अनामत रक्कम परत मिळणार नाही, दर मात्र आयत्या वेळी बदलू शकतील. मी ते बाजूला ठेवलं आणि आधीचा इसार परत मागायला मांडववाल्यांच्या गोदामावर गेले.

गोदाम एका गॅरेजच्या मागे होतं. गॅरेजवाल्याला विचारलं तर तो गाडीखालूनच म्हणाला, “ठिगळवाली बसलीय आत. मशीनचा आवाज येतोय ना, तिकडेच जा.”

ठिगळवाली म्हणजे मांडववाल्यांची बायको. दाराशी उजेडात शिलाई मशीन घेऊन बसली होती. एका बाजूला पाइपांच्या मोळ्या, दुसऱ्या बाजूला छताला भिडलेल्या खुर्च्या, आणि तिच्या पायाशी निळ्या कापडाचा हा एवढा ढीग. माझ्याच वयाची असेल. चेहऱ्यावर काही नव्हतं. रडून गेलेला चेहरा वेगळा आणि हा वेगळा, एवढं मला कळलं. ढिगापलीकडे तिचा दीर फोनवर बोलत बसला होता. धंदा दोघा भावांच्या नावावर होता, पण धाकटा इतके दिवस फक्त महिन्याला हिशेब बघायला येत असे. मी कोण, कशाला आले, ते मी त्याला सांगितलं.

“पावती आहे?” त्याने विचारलं.

“ते पावती देत नव्हते.”

“ते मलाही माहीत आहे मॅडम. पण मग मी काय करू? उद्या कुणीही येईल आणि म्हणेल, मीही इसार दिलाय.”

“मी कुणीही नाहीये.”

“प्रत्येकाला असंच वाटतं,” तो म्हणाला. उद्धटपणे नाही. त्याला खरोखरच काय करावं ते सुचत नसावं.

मशीन थांबलं. ठिगळवालीने दोरा दातांनी तोडला. “कोणतं मैदान?”

मी सांगितलं.

“ते काय म्हणाले होते?”

“कशाबद्दल?”

“मांडवाबद्दल. चालताना बोलले असतील ना.”

“बोलले की.”

“मग उद्या येते मी. लिहून घेते.”

“वहिनी,” दीर म्हणाला, “आपलं काय ठरलंय?”

“तुमचं ठरलंय, भाऊजी,” ती म्हणाली आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

मला पैसे परत हवे होते, पण ते पुन्हा सांगायला जागाच उरली नाही. मशीनचा आवाज मोठा होता.

दुसऱ्या दिवशी ती आली. पिशवीत वहीचे फाडलेले कागद, कार्बन पेपर आणि खाली धरायला पुठ्ठा. मैदानाच्या फाटकात उभी राहून म्हणाली, “बोला.”

“काय बोलू?”

“ते बोलले ते. ते चालले तसं चाला.”

मांडववाले त्या दिवशी मागच्या बोळातून आले होते. बोळाच्या दाराला आता कुलूप होतं, म्हणून मी फाटकातूनच सुरुवात केली. प्रथम लाज वाटली. भर दुपारी रिकाम्या मैदानात एक बाई मोठ्याने बोलत चालली आहे आणि दुसरी मागून लिहीत येते आहे. बाल्कनीतून कुणीतरी बघत होतं. पण बोलायला लागल्यावर त्यांचं सगळं बोलणं जसंच्या तसं आठवत गेलं. मी पावतीवाचून इतकी घाबरले होते की शब्द न् शब्द पाठ झाला होता. उजवीकडे स्टेज. डावीकडे जेवण. मधे खुर्च्या, पण वाट इतकी रुंद की दोन जाड्या माणसांना भांडण न करता एकमेकांना ओलांडता यावं.

“जाड्या माणसांचं ते म्हणाले?”

“हो.”

तिने लिहिलं.

“अहो, तो विनोद होता. तो कशाला लिहिता?”

“मला काय कळतं, त्यातलं काम कुठलं आणि विनोद कुठला,” ती म्हणाली. “तुम्ही सगळं सांगा.”

मग मी सगळं सांगितलं. पाहुणे इथून उतरत उतरत आपोआप जेवणाकडे जातील, परत आणताना मात्र ढकलावे लागतील, हेही. ते तिने लिहिलं. तिचं अक्षर मोठं होतं आणि प्रत्येक शब्दावर रेघ नीट मारत होती. हसली नाही. मीही सांगताना हसले नाही. त्या माणसाचा विनोद आम्ही दोघी औषधाचं नाव सांगावं तसा सांगत होतो.

“इसार किती?”

मी आकडा सांगितला. तिने लिहिला.

“मी जास्त सांगितला असता तर?”

“तर तो लिहिला असता.”

“लोक सांगतात का जास्त?”

“काही सांगतात. काही कमी सांगतात.”

“कमी?”

“विसरतात. नाहीतर माझ्याकडे बघून सांगतात.” तिने पुठ्ठा बदलून दुसऱ्या हातात घेतला. “आणखी काही म्हणाले?”

“नाही.”

“जाताना?”

“जाताना म्हणाले, पाणी द्या. मी दिलं.”

हे तिने लिहिलं नाही. पण पेन थोडा वेळ कागदावर तसंच धरून ठेवलं.

मग आम्ही भिंतीच्या सावलीत बसलो आणि तिने कागद सहीसाठी पुढे केला. मी म्हटलं, सही करण्याआधी मला काही विचारायचंय. मांडव घातलाय का कधी तुम्ही?

“नाही.”

“उभा राहताना बघितलाय?”

“लांबून. माझ्याकडे येतो तो आडवा. फाटून, जळून, ओला होऊन.” लग्न झाल्यावर सासूने तिच्या पुढ्यात पहिली गोष्ट ठेवली ती म्हणजे विडीने भोकं पडलेली एक कनात. तेव्हापासून ती शिवतेच आहे. कुणाच्या लग्नात काय झालं ते तिला कापडावरून कळायचं. भांडण झालं असलं तर झालर फाटलेली असायची, लहान मुलं जास्त आली असली तर खालच्या बाजूला हातांचे डाग. मूलबाळ झालं नाही. कामावरच्या माणसांनी ठिगळवाली नाव ठेवलं, ते नवऱ्यालाही आवडायचं. तो फोनवर म्हणायचा, थांबा, ठिगळवालीला विचारून सांगतो. “विचारायचे मात्र कधी नाहीत,” ती म्हणाली.

“मग तुम्ही हे सगळं कसं करणार?”

“माणसं तीच आहेत. त्यांना घालता येतो. काय घालायचं ते मला सांगता आलं की झालं.” मग म्हणाली, “ताई, स्पष्ट सांगते. हा कागद मी तुमच्यासाठी करत नाहीये. भाऊजींना सामान विकायचंय. घेणारा बघून ठेवलाय. म्हणतात, वहिनी, तुम्ही कुणासाठी चालवणार? आता ह्यांच्या जागी माझी सही चालते. मी लिहून दिलं की काम धंद्याच्या अंगावर येतं. काम बाकी असताना सामान विकलं तर सगळ्यांचे इसार त्यांना खिशातून द्यावे लागतील. ते देणार नाहीत. म्हणून मी घरोघरी जाते.”

“आणि सगळी कामं संपली की?”

“तुमची तारीख शेवटची आहे. तुमच्या लग्नापर्यंत सामान हलत नाही. पुढचं पुढे.”

तिला काय हवं होतं ते आता मला माहीत होतं, आणि मला काय हवं ते तिलाही. दया आली म्हणून मी सही केली असं मी म्हणू शकत नाही. मला काहीच येत नव्हतं, ना दया ना राग. कागद बघितला. त्यावर आमचं सगळं लिहिलेलं होतं, जाड्या माणसांसकट. सही केली. कार्बनखालची प्रत तिने मला दिली.

घरी ह्यांनी ती प्रत वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. “हा करार आहे की कीर्तन?”

“करार आहे.”

“जिने कधी खांब रोवला नाही तिला तू मुलीचं लग्न दिलंस?”

“मांडव दिला.”

“छान. पडला तर म्हणू, फक्त मांडवच पडला.” मग मुलीकडे वळून, “तुला चालेल का बाई?”

मुलगी फोनमध्ये होती. “मला कुठेही उभं करा,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात आता एक प्रकारचा पाहुणेपणा आला होता. जणू ती या घरात उरलेले दिवस काढत होती आणि कुणाशी फार लागेबांधे नको होते. मी तिला जेव वगैरे म्हणायचे, ती जेवायची. मी स्वयंपाकघरात उभी राहून काहीतरी पुसत असायचे. त्या दिवसांतलं एवढंच आठवतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सामान आलं. दीरही आला होता, कारण तिने सगळीकडे सह्या केल्यामुळे त्याला आता प्रत्येक कामावर हजर राहावंच लागत होतं. माणसांनी कराराप्रमाणे उजवीकडे स्टेजचे सांगाडे उतरवले. ठिगळवाली खुर्चीवर बसून एक फाटकं टोक हाताने टाचत होती. एका माणसाने पाणी पिऊन उरलेलं जमिनीवर ओतलं. आमचं मैदान सपाट दिसतं. पण ते पाणी हळूहळू चालत स्टेजच्या दिशेने गेलं.

तिने सुई कापडात खोचली. “थांबा जरा. जेवणाकडे हात धुण्याचं पाणी असणार ना? ते सगळं स्टेजखाली येईल.”

“कागदात उजवीकडे लिहिलंय वहिनी,” दीर म्हणाला. “मॅडमची सही आहे. आता बदलायचं म्हणजे माणसांचा वेळ गेला, तो कोण देणार?”

मी बोळाकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं. मांडववाले बोळातून चालत आले होते. त्यांची उजवी बाजू म्हणजे माझी डावी. मी त्यांचे शब्द नीट पाठ केले, पण उलट्या दिशेने चालले. मी बोलणार तोच ठिगळवालीने पिशवीतून कागद काढला.

“पुढेही लिहिलंय,” ती म्हणाली, आणि एकसुरी आवाजात वाचलं, “पाहुणे इथून उतरत उतरत आपोआप जेवणाकडे जातील. परत आणताना मात्र ढकलावे लागतील.”

माणसं हसली. ते बोलणं कुणाचं हे त्यांना कळलं असणार. त्यातल्या एका म्हाताऱ्याचं हसणं मधेच थांबलं आणि तो पाइप उचलायला वाकला.

“उतरत उतरत जेवणाकडे,” ती दिराला म्हणाली. “म्हणजे जेवण उताराला आणि स्टेज चढाला. हेही सहीच्या वरच लिहिलंय. सही दोन्हीला आहे.”

“मग यातलं कुठलं खरं?”

“पाणी कुठे गेलं ते बघा ना भाऊजी.”

त्याने बघितलं. मग माणसांना म्हणाला, “उचला, तिकडे न्या.” वेळेच्या पैशांबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही. चूक माझी होती, पण तिने ती कागदातल्या कागदातच मिटवली होती.

लग्न झालं. मांडव पडला नाही. पाहुणे खरंच आपोआप जेवणाकडे गेले आणि परत येईनात, शेवटी फोटोसाठी ह्यांनीच एकेकाला हाताला धरून आणलं. मुलगी गाडीत बसताना मला म्हणाली, “आई, चार्जर टेबलावर राहिला.” मी धावत जाऊन चार्जर आणून दिला. गाडी गेली. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, मी रडेन म्हणून. मला रडू आलं नाही. मला फक्त पाय दुखतायत असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात गेले तेव्हा कापड उतरवून झालं होतं आणि पाइप टेम्पोत चढत होते. दीर फाटकाशी उभा होता. त्याच्याबरोबर एक अनोळखी माणूस खुर्च्या उलट्या करून त्यांचे पाय बघत होता. तो घेणारा, हे सांगावं लागलं नाही. शेवटचं काम संपलं होतं. हिशेब मी चुकता केला. ठिगळवालीने आमच्या कागदावर ‘काम पूर्ण’ असं लिहून माझी सही मागितली. पेन माझ्या हातात दिलं तरी मी ते उघडेना. मी सही केली की विक्री थोपवून धरणारं काहीच उरणार नव्हतं.

“करा ताई,” ती म्हणाली.

“दोन दिवसांनी केली तर?”

“झालेल्या कामाला झालं नाही कसं म्हणायचं? करा.”

मी केली. तिने कागद पिशवीत ठेवला आणि पिशवीतून दुसरा काढला. तो घेऊन दिराकडे गेली. मी मागून गेले.

“काल व्याह्यांकडच्या एक बाई विचारत होत्या,” ती त्याला म्हणाली. “त्यांच्या मुलाचं आहे, पुढच्या हंगामात. आज उजाडताच जाऊन जागा चालून आले. इसार घेतला.”

“कुणाला विचारून?”

“ते कुणाला विचारून घ्यायचे?”

दिराने कागद वाचला. पाठीमागून घेणाराही वाचायला लागला.

“वहिनी, एका कामासाठी एवढं सगळं सामान अडवून ठेवायचं?”

“एक काम असलं तरी अडतंच.”

“आणि ते झालं की? असं किती दिवस चालणार?”

“त्या तारखेपर्यंत,” ती म्हणाली. जिंकल्यासारखं नाही. बस किती वाजता आहे ते सांगावं तसं. “तोवर आणखी एखादं मिळालं तर बघू. नाही मिळालं तर तुमचं तुम्ही करा.”

घेणाऱ्याने हातातली खुर्ची सरळ करून ठेवली. “मी चहा पिऊन येतो,” तो म्हणाला आणि फाटकाबाहेर गेला. तो पुन्हा आलेला मी बघितला नाही.

दीर कागद हातात धरून तसाच उभा राहिला. त्याला राग आला होता की तो नुसता दमला होता, सांगता येत नाही. रात्रभर माणसांबरोबर तोही जागा होता. मग त्याने कागदाची घडी घातली आणि तिला परत दिली.

मैदानाच्या मधोमध छताचं मोठं निळं कापड पसरलेलं होतं. दवाने जड झालं होतं. ठिगळवालीने वाकून त्याची दोन टोकं उचलली आणि मागे वळून बघितलं. माणसं टेम्पोपाशी होती.

“भाऊजी, आलाच आहात तर पलीकडची टोकं धरा.”

त्याने चपला काढल्या, पलीकडे गेला आणि टोकं धरली.

“ओलं आहे,” तो म्हणाला.

“मग आधी झटका.”